एकतीस नोंदी

कोत्का बंदरात दोर आणि बोटींचा रंग विकणारी आमची कंपनी.
तळघरातला सर्व्हर बंद करायचं ठरलं
तेव्हा नोव्हेंबर होता,
म्हणजे दुपारी साडेतीनला दिवे.

काआरेल ताल्लिनहून बोटीने आला,
फळ्यावर त्याने एक ढग काढला,
तळघरापासून ढगापर्यंत एक बाण,
आणि म्हणाला, इतकंच.

ढग नक्की कुठे आहे, मी विचारलं.
किनाऱ्यालगतच, साठ किलोमीटरवर,
एका लांबलचक शेडमध्ये,
समुद्राचं पाणी खेळवून गार ठेवलेला.
म्हणजे आमचे हिशेब निघाले होते
त्याच पाण्याकाठी, थोडं पुढे.

चार लाख बारा हजार आठशे सहा नोंदी.
एकच गिऱ्हाईक पाच स्पेलिंगांनी नांदत होतं,
त्याला एका घरात आणलं.
बुडालेल्या कंपन्या बाजूला काढल्या.
त्र्याऐंशी सालची एक थकबाकी निघाली,
मार्कांत, म्हणजे जे चलनच उरलेलं नाही.
सहा आठवडे मी स्वप्नातही
डावीकडचं उजवीकडे नेत होते.

घोडं अडलं ते 'वर्ग' नावाच्या रकान्यात.
एक म्हणजे घाऊक, दोन किरकोळ,
तीन सरकारी, चार परदेशी.
एकतीस नावांपुढे मात्र
नऊ.

नव्या प्रणालीला नऊ ठाऊक नव्हता.
तिने ती एकतीस दारातूनच परत लावली.
ताळा लागेना.
'इतर'मध्ये टाक, काआरेल म्हणाला,
चार लाखांत एकतीस म्हणजे चिमूटभर मीठसुद्धा नाही.

मी आउलिसला फोन लावला.
तळघर त्याचंच होतं, निवृत्त होईपर्यंत.
बराच वेळ पलीकडे नुसता रेडिओ.
मग म्हणाला, ते केर्त्तूचं.
पंच-कार्डांच्या काळातलं.
ज्या घरची बोट परत आली नाही
त्या घराला शरदात बिल धाडायचं नाही.
वसंतात बघू, म्हणायची.
मॅनेजरला विचारलं होतं तिने?
छे. म्हणून तर नुसता आकडा.

कागदोपत्री कुठेच नाही हे.
केर्त्तू मातीआड जाऊन बारा वर्षं झाली,
नऊ मात्र
दर सप्टेंबरला मुकाट्याने
एकतीस बिलं अडवून धरत होता.

शनिवारी रात्री, सगळं हलवायच्या वेळी,
मी त्यांना 'किरकोळ'मध्ये बसवलं
आणि पत्त्याची दुसरी ओळ रिकामी दिसली, तिथे
एकेकाच्या नावाखाली हाताने टाइप केलं:
शरदात बिल पाठवू नये.
पहाटे चारला ताळा लागला.
काआरेलने बॅगेतून मार्झिपान काढलं,
आम्ही उभ्याउभ्याच खाल्लं.

पुढच्या सप्टेंबरात
ढगाने बिलं पाठवली. सगळ्यांना.
त्याला सांगितलं होतं तसंच,
पत्ता ओळ एक, पत्ता ओळ दोन.

वीएनो रौहिआइनेन काउंटरवर आली, रबरी बूट घालून,
पाकीट माझ्यासमोर ठेवलं.
नाव. बेटाचं नाव. त्याखाली ठसठशीत
शरदात बिल पाठवू नये.
आत बिल.

पोस्टमनने दोनदा वाचलं, ती म्हणाली,
चष्मा वर करून.
हसत होती की काय, मला कळेना.
कोणी लिहिलं हे?
मी म्हटलं, मी. मग म्हटलं, केर्त्तूने.

कोण केर्त्तू ते तिला माहीत नव्हतं.
इतकी वर्षं तिला वाटत होतं
बिलं उशिरा येतात,
कारण बेटावरचं टपालच तसलं.

चौऱ्याऐंशी युरो तिने रोख मोजले.
बोट आता मुलगी चालवते म्हणाली,
निळ्या रंगाचा डबा आहे का, मोठा?
जाताना लेबल तेवढं नखाने अलगद सोडवलं
आणि पाकिटात घातलं, स्वतःच्या.

संध्याकाळी मी तिची नोंद उघडली.
दुसरी ओळ पुसली.
बाकीची तीस पाकिटं
कोणत्या दारात, कोणाच्या हातात पडली,
ते ना तळघरात लिहिलेलं आहे
ना ढगात.